हिवाळ्यात मरुभूमीकडे

नाताळच्या सुटीत चार मित्रांनी मिळून थरच्या वाळवंटात जाण्याचे योजिले असेल, तर आगगाडीच्या वेळापत्रकाच्याही आधी पंचांग उघडावे, अशी माझी पहिली सूचना आहे. वाळवंटातील रात्र हा त्या प्रवासाचा मुख्य ऐवज असून तिचे स्वरूप सर्वस्वी तिथीवर अवलंबून असते. पौर्णिमेच्या सुमारास गेल्यास वाळूवरील एकेक वळी स्वच्छ उमटून दिसते, परंतु तारे फिके पडतात. अमावास्येस गेल्यास आकाश ताऱ्यांनी भरून जाते, परंतु पायाखालची वाट दिसत नाही. माझ्या मते वद्य अष्टमी ते द्वादशी हे दिवस सर्वोत्तम. कारण तेव्हा मध्यरात्रीपर्यंत अंधाराचा पूर्ण अंमल असतो, आठच्या सुमारास कृत्तिका उंच चढलेल्या आणि मृग पूर्वेकडून वर येत असलेला दिसतो, आणि उत्तररात्री चंद्र उगवला म्हणजे तीच भूमी निराळ्या रूपाने पाहावयास मिळते. जैसलमेर सुमारे 27 अक्षांशावर असल्यामुळे मुंबई-पुण्याच्या मानाने तेथे ध्रुव आठ अंशांनी वर असतो, तर आपल्याकडे दक्षिणेस बराच उंच येणारा अगस्त्य तेथे रात्री अकरानंतर क्षितिजालगतच रेंगाळताना आढळतो. नाताळ ते नववर्षदिन या आठवड्यात जैसलमेरला गर्दीचा कहर होतो आणि खोल्यांचे दर वाटेल तसे चढतात. तेव्हा रजेची मुभा असेल त्यांनी डिसेंबरचा पूर्वार्ध किंवा संक्रांतीनंतरचा आठवडा निवडावा.

तिथी ठरली की माणसे ठरवावीत. एका जीपमध्ये सामानासह सुखाने बसतील तेवढीच, म्हणजे पाच किंवा सहा, ही संख्या मला योग्य वाटते. त्याहून मंडळी वाढली की गाड्या दोन होतात, गाड्या दोन झाल्या की तट दोन पडतात, आणि ज्या खेड्यातील यजमानाने सहा पाहुण्यांना चुलीवरची भाकरी ऊन-ऊन वाढली असती, त्याला बारा जणांसाठी आचारी बोलवावा लागतो. मैत्री कितीही जुनी असो, निघण्यापूर्वी एकदा सर्वांनी एकत्र बसून पहाटे कोण उठणार, कोणाला उंटाची भीती वाटते, कोणाला गुडघ्यांचा त्रास आहे, मद्यपान करावयाचे की नाही, या गोष्टी स्पष्टपणे बोलून घ्याव्यात. त्यातच एकाची कारभारी म्हणून नेमणूक करावी, प्रत्येकाने त्याच्याकडे सारखी रक्कम तसलमात म्हणून जमा करावी, आणि त्याने रोजची कीर्द रोज लिहावी. चहाच्या प्रत्येक पेल्यामागे पाकिटे बाहेर काढण्याने सहलीचा जेवढा विरस होतो, तेवढा गैरसोयीनेही होत नाही.

थंडीच्या बाबतीत कोकण व देशावरच्या माणसांचा अंदाज हटकून चुकतो. दिवसा 23-24 अंशांचे सुखद ऊन असते, पाण्याची बाटली व साधा सदरा पुरतो, आणि त्यामुळे माणूस गाफील राहतो. परंतु हवा कोरडी, आभाळ निरभ्र आणि वाळूला उष्णता धरून ठेवण्याची ताकद अत्यल्प, या तिहींच्या संयोगाने सूर्य मावळताच भूमी झपाट्याने निवते आणि पहाटेपर्यंत पारा सात-आठ अंशांवर, थंडीची लाट असल्यास त्याहूनही बराच खाली उतरतो. अशा वेळी अंगावर किती घेतले यापेक्षा अंगाखाली काय आहे याला अधिक महत्त्व असते. यजमानाकडे खाट मागावी, खाट नसेल तर गादीखाली जाड सतरंजी मागून घ्यावी, आणि घरात सोलापुरी घोंगडी पडून असेल तर ती खुशाल बरोबर न्यावी. अंथरूण म्हणून तिच्याइतकी विश्वासू वस्तू दुसरी नाही. कानटोपी, हातमोजे आणि अंगावर एकावर एक चढवता-उतरवता येतील असे कपडे हवेत. ओठ व टाचा दोन दिवसांत फुटतात, त्यासाठी कोकमतेलाचा एक खडा डबीत टाकावा. पायात बंद, गुळगुळीत चामड्याचे किंवा जाड कापडाचे बूट असावेत. कारण पावसाळ्यानंतर तेथे माजणाऱ्या भुरट नावाच्या गवताची काटेरी बोंडे लोकरी मोज्यांत अशी रुतून बसतात की ती एकेक उपटून काढता-काढता बोटे रक्ताळतात.

मार्गाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. वांद्रे टर्मिनसहून सुटणारी सूर्यनगरी एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी जोधपूरला पोचवते; आरक्षण 60 दिवस आधी खुले होते आणि सुटीच्या दिवसांत ते पहिल्याच सकाळी संपते, म्हणून कारभाऱ्याने त्या दिवसाची नोंद करून ठेवावी. जोधपूरहून जैसलमेर रेल्वेने पाच-सहा तासांचे आहे. मात्र जोधपूरला एक दिवस अवश्य थांबावे, आणि तोही केवळ मेहरानगडासाठी नव्हे. गडाच्या पायथ्याशी राव जोधा मरु-शिला उद्यान आहे. तेथील खडकाळ भूमी वेड्या बाभळीने गिळून टाकली होती. 2006 पासून ती बाभूळ खडकांतून मुळासकट काढून मरुभूमीच्या मूळच्या वनस्पती तेथे पुनश्च वसविण्यात आल्या. थोर, केर, कुमट, रुई आणि खेजडी यांची ओळख या ठिकाणी अर्ध्या दिवसात पटते, आणि ही ओळख असल्यावर पुढे जैसलमेरपर्यंतचा जो प्रदेश अनभिज्ञ प्रवाशाला ओसाड वाटतो, तो वाचता येऊ लागतो. खेजडी म्हणजे आपली शमी. तिची पाने जनावरांचा चारा, शेंगा माणसांची भाजी, सावली पिकाला पोषक. आणि तिच्याच रक्षणासाठी 1730 मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावी अमृतादेवींसह 363 बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. एवढे ठाऊक असलेल्या माणसाने रात्रीच्या शेकोटीसाठी कोणते लाकूड जळते आहे याची चौकशी करणे हे मी त्याचे कर्तव्य समजतो. वेडी बाभूळ असेल तर जरूर शेकावे. खेजडी असेल तर घोंगडी पांघरून बसावे.

रावळ जैसलने 1156 मध्ये त्रिकूट टेकडीवर वसविलेला जैसलमेरचा किल्ला पिवळ्या वालुकाश्माचा आहे, त्याला 99 बुरूज आहेत, आणि आजही त्यात हजारो माणसे संसार करीत आहेत. 2013 साली राजस्थानातील अन्य पाच दुर्गांसह त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. किल्ल्यातील पंधराव्या शतकाच्या आसपासची जैन मंदिरे व त्यांच्या तळघरातील हस्तलिखितांचे ज्ञानभांडार सकाळच्या वेळी पाहावे. दुपारचे ऊन कलल्यावर पटव्यांच्या हवेलीकडे जावे, म्हणजे तिरप्या प्रकाशात दगडी जाळ्यांचे काम खुलून दिसते. परंतु मुक्काम किल्ल्यात करू नये, हे मी आग्रहाने सांगतो. ज्या काळी प्रत्येक घागर डोक्यावरून टेकडी चढून येत असे त्या काळच्या पाणी-वापरासाठी हा किल्ला बांधलेला आहे. नळ आले, न्हाणीघरे वाढली, गटारे झिरपू लागली, आणि ते पाणी टेकडीच्या मऊ थरांत मुरून पाया खचू लागला, काही बुरूज ढासळलेही. तेथे राहणाऱ्यांचा हक्क निर्विवाद आहे. चार दिवसांच्या पाहुण्याने मात्र खाली शहरात उतरावे आणि किल्ला डोळे भरून पाहावा.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर तो थोडा विस्ताराने मांडतो, कारण माझ्या दृष्टीने मरुभूमीच्या प्रवासातील पाहण्याजोगी गोष्ट वाळूपेक्षा पाणी ही आहे. जैसलमेरला वर्षभरात पंधरा ते वीस सेंटिमीटर पाऊस पडतो. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे जैसलमेरचा जवळजवळ पाच वर्षांचा. एवढ्याशा पावसावर ज्यांनी शतकानुशतके गावे वसविली, व्यापार केला आणि हवेल्या उभारल्या, त्यांच्या युक्ती पाहिल्यावाचून परत येणे म्हणजे घराच्या ओसरीवरून माघारी फिरणे होय. शहरालगतचा गडीसर तलाव चौदाव्या शतकात महारावळ घडसी यांनी बांधवून घेतला. तो सर्वजण पाहतात. खडीन मात्र फार थोडे पाहतात. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पाणी सखल भागात मातीचा लांब बांध घालून अडवावयाचे, ते तेथेच जमिनीत मुरू द्यावयाचे, आणि पाणी ओसरल्यावर त्या ओलाव्यावर गहू-हरभरा पेरावयाचा, अशी ही पालीवाल ब्राह्मणांनी रुजविलेली पद्धत आहे. पाऊस बरा झाला असेल तर डिसेंबरात सभोवार करडा माळ आणि मध्येच गव्हाचा हिरवागार तुकडा असे दृश्य दिसते. त्या पालीवालांचे सोडून दिलेले कुलधरा गाव शहरापासून सुमारे 18 किलोमीटरवर आहे. दिवाणाच्या जुलमामुळे एका रात्रीत चौऱ्याऐंशी गावे उठून गेली ही दंतकथा मार्गदर्शक रंगवून सांगतात. ती ऐकावी, परंतु पाण्याची टंचाई आणि सारावसुलीचा जाच यांचाही या ऱ्हासात वाटा असावा असे अभ्यासक मानतात, तेही ध्यानात असू द्यावे. तेथील पडक्या भिंतींत भुते शोधण्यापेक्षा आखीव गल्ल्या आणि जवळची खडीनची जमीन शोधावी.

याहूनही विलक्षण वस्तू म्हणजे कुंई, जिला काही भागांत बेरी म्हणतात. या प्रदेशात भूगर्भातील पाणी बहुधा खारे. परंतु काही पट्ट्यांत वाळूखाली खडियाचा, म्हणजे जिप्समचा, अभेद्य थर असतो आणि त्यामुळे पावसाचा ओलावा खाली खाऱ्या पाण्याला जाऊन न मिळता वाळूच्या कणांतच अडकून राहतो. त्या थरापर्यंत, एक माणूस जेमतेम बसून खणू शकेल इतक्या अरुंद व्यासाची विहीर उतरवतात; भोवतालच्या वाळूतील ओलावा थेंबाथेंबाने तीत पाझरतो आणि दिवसाकाठी दोन-तीन घडे गोड पाणी देतो. तोंड अरुंद ठेवायचे ते पाण्याची वाफ होऊ नये म्हणून, आणि त्यावर लाकडी झाकण. अनुपम मिश्र यांच्या ‘राजस्थान की रजत बूँदें’ या 1995 च्या हिंदी पुस्तकात या सर्व व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. मंडळींपैकी एकाने तरी ते प्रवासापूर्वी वाचून इतरांना सांगावे. नंतर खेड्यात कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला तर तो किती श्रमाचा आहे हे कळते, आणि त्यातले अर्धे पाणी चूळ भरून टाकण्याची इच्छा होत नाही. स्वतःच्या पिण्याच्या पाण्याची तजवीज मोठ्या पिंपातून करावी, लहान बाटल्यांचा ढीग नेऊ नये. टाकलेले प्लॅस्टिक तेथे कुजत नाही, ते वाऱ्याने झुडपांना लटकते आणि शेवटी गाईच्या पोटात जाते.

वाळूच्या टेकड्यांसाठी बहुतेक सर्वांना शहराच्या पश्चिमेस सुमारे 40 किलोमीटरवरील सम येथे नेतात. तेथील टेकड्या खरोखर भव्य आहेत, परंतु सुटीच्या दिवसांत संध्याकाळी तेथे तंबूंच्या रांगा, ध्वनिवर्धकावरची चित्रपटगीते आणि वाळूवर बेफाम उड्या मारणाऱ्या जीपगाड्या यांचेच राज्य असते. शांततेची अपेक्षा असणाऱ्यांनी नैर्ऋत्येकडील खुडी किंवा त्यापलीकडील एखादे लहान गाव गाठावे, मातीच्या भिंती व गवती छपराच्या घरात उतरावे, आणि तेथे एक नव्हे, दोन रात्री राहावे. पहिल्या रात्री माणूस केवळ चकित होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमारास सूर्य वर येताना त्याला वाळूवरच्या खुणा दिसू लागतात, हा भुंगेरा गेला, येथे सरडा वळला, येथे कोल्हा थबकला. वारा सुटण्यापूर्वीचा हा तासभर वेळ सर्वांत मोलाचा असून तो अंथरुणात घालवू नये. उतरण्यापूर्वी यजमानाशी जेवण, उंट, जीप आणि गाणे यांचा दर वेगवेगळा ठरवून घ्यावा. ठरलेल्या दरात मागाहून घासाघीस करू नये.

उंटावर बसण्याचेही एक तंत्र आहे. उंट उठतो तो प्रथम मागचे पाय सरळ करून, त्यामुळे बसणारा एकदम पुढे झुकतो. तेव्हा पलाणाचा पुढचा खुंट दोन्ही हातांनी धरून अंग पूर्ण मागे टाकावे, आणि पुढचे पाय उचलले जात असताना हळूहळू सरळ व्हावे. बसताना तो आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही मागेच रेलावे. चालताना कंबर ताठ धरली तर पाठ भरून येते. ती सैल सोडून त्याच्या हेलकाव्याबरोबर जाऊ द्यावी. पहिल्या दिवशी दोन तासांहून अधिक बसू नये, आणि मधून मधून उतरून उंटवाल्याबरोबर पायी चालावे, कारण खरी माहिती तेव्हाच मिळते. उंट 2014 पासून राजस्थानचा राज्यपशू आहे; तरीही 2019 च्या पशुगणनेत देशातील उंटांची संख्या चार लाखांवरून अडीच लाखांवर घसरल्याचे आढळले. रस्ते झाले, ट्रॅक्टर आले, चराऊ राने आटली, आणि उंट पाळणाऱ्या रायका समाजाच्या हातचे काम गेले. आपण उंटवाल्याला जे पैसे देतो त्यांचा विचार या पार्श्वभूमीवर करावा, आणि ते शक्यतो त्याच्याच हातात द्यावेत.

जेवणात आपल्या माणसाची आबाळ होत नाही. बाजरीची जाड भाकरी, जिला तिकडे सोगरा म्हणतात, तुपात भिजवून लसणाच्या चटणीबरोबर खावी. केर-सांगरीची भाजी, गट्टे, कढी आणि सकाळी ऊन राबडी हे त्या हवेला मानवणारे अन्न आहे. यजमानाकडे पनीर आणि नूडल्स मागू नयेत.

गाण्याविषयी मात्र माझे मत ठाम आहे. मांगणियार हे पिढ्यान्‌पिढ्या गाणारे मुसलमान कलावंत. आपल्या हिंदू यजमानांच्या घरी जन्म-लग्नाच्या प्रसंगी गाणे हा त्यांचा वंशपरंपरागत हक्क आणि व्यवसाय. कोमल कोठारी आणि विजयदान देथा यांनी 1960 मध्ये बोरुंदा येथे रूपायन संस्थान स्थापून हे संगीत व लोककथा यांचे संकलन केले, आणि पुढे हे गायक जगभर पोचले. हमीरा गावचे कमायचावादक साकर खाँ यांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. अशा कलावंतांना नाचणाऱ्या जमावापुढे उभे करून तीच दोन लोकप्रिय गाणी पुनःपुन्हा म्हणावयास लावणे हा त्यांचा अपमान आहे. दोन-तीन कलावंतांना ठरलेल्या बिदागीवर बोलवावे, ध्वनिवर्धक लावू नये, वाळूवर जाजम अंथरून त्यांच्यासमोर हातभर अंतरावर बसावे आणि कमायचा ऐकावयास मागावा. त्याचे पोट एकाच लाकडातून कोरलेले, वर बकऱ्याचे कातडे ताणलेले, मुख्य तारा आतड्याच्या. गज फिरला की त्यातून निघणारा खर्जाचा घोगरा स्वर छातीत उतरतो. मग खडताल ऐकावी: प्रत्येक हातात शिसवीच्या दोन पट्ट्या, त्या कशानेही बांधलेल्या नाहीत, आणि तरीही बोटांच्या थरथरीतून पावसाच्या सरीसारखी लय निघते. मूमल-महेंद्र यांच्या प्रेमकथेवरील ‘मूमल’ हे गीत गाण्याची विनंती करावी, आणि दुसऱ्या दिवशी भाटी राजांची जुनी राजधानी लोद्रवा येथे जाऊन त्या मूमलच्या महालाचे म्हणून दाखविले जाणारे अवशेष पाहावेत; तिचा महेंद्र उमरकोटचा, आणि उमरकोट आज सीमेपलीकडे आहे.

पक्ष्यांची आवड असणाऱ्यांनी एक सकाळ राष्ट्रीय मरु उद्यानासाठी राखून ठेवावी. सोलापूरजवळचे नान्नज ज्यासाठी प्रसिद्धीस आले तो माळढोक, तिकडचा गोडावण, आता मुख्यतः याच प्रदेशात उरला आहे. त्याचे डोळे बाजूंना असल्यामुळे उडताना समोरची वीजवाहक तार त्याला वेळेवर दिसत नाही, आणि जड शरीरामुळे ती चुकवता येत नाही. तारांना धडकून होणारे मृत्यू हे त्याच्या ऱ्हासाचे एक मोठे कारण आहे. त्याचा पाठलाग करणारी जीप असेल तर चालकाला थांबवावे. दिसला तर दुर्बिणीतून पाहावा. न दिसल्यास चिंकारा, गिधाडे आणि हिवाळी पाहुणे गरुड पुष्कळ दिसतात.

सीमेकडील सहलीला पूर्ण दिवस लागतो. तनोट मातेचे मंदिर जैसलमेरपासून सुमारे 120 किलोमीटरवर असून त्याची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहते. 1965 च्या युद्धात मंदिराभोवती पडलेले न फुटलेले तोफगोळे तेथे ठेवलेले आहेत. वाटेत लोंगेवाला लागते, जेथे डिसेंबर 1971 च्या चार-पाच तारखांच्या रात्री मेजर कुलदीपसिंह चांदपुरी यांच्या तुकडीने शत्रूचे रणगाडे पहाटे विमाने येईपर्यंत रोखून धरले. प्रत्येकाने मूळ ओळखपत्र जवळ बाळगावे, ड्रोन मुळीच नेऊ नये, लष्करी वाहने व ठाणी यांची छायाचित्रे घेऊ नयेत, आणि मंदिरापलीकडे सीमेकडे जाण्यास परवाना लागतो हे ध्यानात ठेवून जैसलमेरलाच त्याची चौकशी करावी. रामगढला इंधन व पाणी भरून घ्यावे, आणि परतताना सूर्यास्तापूर्वी, म्हणजे सहाच्या आत, निम्म्याहून अधिक रस्ता मागे टाकलेला असावा. कारण काळोख पडला की गाई व उंट रस्त्यावर येऊन बसतात, आणि सरळसोट रस्त्यावर भरधाव जाणाऱ्या चालकाला ते फार उशिरा दिसतात.